इंजिनाची बांधणी आणि सेन्सरची साक्ष



बेळगाव शहराची टिळकवाडी ही वस्ती शाळा-महाविद्यालयांसाठी आणि १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी सर्वांना परिचित आहे. परंतु याच वस्तीतून तिसरे रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याला लागले, की उद्यमबागेतील फौंड्र्या आणि लेथचे कारखाने सुरू होतात. बीडाचे ओतकाम, क्रँकशाफ्टचे घासकाम, हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग अशी कितीतरी कामे या परिसरात चालतात. त्यामुळे येथील तरुणाच्या कानावर रंधा, ड्रिल आणि टॅप हे शब्द लहानपणापासून पडत असतात. सुटीच्या दिवशी घराच्या मागील पत्र्याच्या शेडमध्ये एखादे जुने इंजिन उतरवून ते नव्याने बांधण्याचा छंद अशा भूमीत रुजला, तर त्यात आश्चर्य नाही.

या परंपरेचे मूळही येथलेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांचे काम त्यांनी हाती घेतले. नव्या उपनगराच्या योजनेमुळे बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आल्यावर औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने त्यांनी १९१० साली किर्लोस्करवाडीचा माळ वसविला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि विहिरीवरील डिझेल इंजिनाचा आवाज खेडोपाडी पोहोचला. ज्या गावी सायकलीचे चाक सरळ करण्यापासून आरंभ झाला, त्याच गावी आज इंजिनाचे सूक्ष्म मोजमाप घरच्या घरी करण्यापर्यंत मजल गेली आहे. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे: इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी ते घरी बांधताना त्यात सेन्सर कोठे, कसे आणि कोणत्या क्रमाने बसवावेत, आणि त्यांनी दिलेली साक्ष कशी तपासावी.

सेन्सर म्हणजे काय?

सेन्सर, अर्थात संवेदक, म्हणजे इंजिनातील उष्णता, दाब, गती किंवा कंपन यांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे लहानसे साधन. पूर्वीचा मिस्त्री हेच काम कानाने, नाकाने आणि हाताने करीत असे. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला टेकवून मूठ कानाशी धरली, की आतील बेअरिंगचा आवाज त्याला समजे. धुराच्या रंगावरून तेल जळते की इंधन जास्त जाते, हे तो सांगे. ही विद्या आजही मोलाची आहे. परंतु तिला मर्यादा आहेत. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरते, तेव्हा क्रँकशाफ्टचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरा होतो, आणि फेऱ्याचा एक अंश फिरण्यास सुमारे २८ मायक्रोसेकंद पुरतात. स्पार्क दहा अंश अगोदर पडला, तर तो कोणत्याही कानाला कळणार नाही. कळेल ते पिस्टन फुटल्यावर.

साध्या गाडीच्या इंजिनाला निर्मात्याने सुरक्षिततेसाठी बरीच सवड ठेवलेली असते. शक्ती वाढविण्यासाठी इंजिन नव्याने बांधले जाते, तेव्हा ही सवड कमी होते. दाब वाढतो, उष्णता वाढते, फेरे वाढतात. म्हणून अशा इंजिनाला मापनाची गरज साध्या इंजिनापेक्षा अधिक असते. सेन्सरमुळे शक्ती वाढत नाही. वाढविलेली शक्ती इंजिनाला पेलते की नाही, एवढेच त्याच्यामुळे वेळीच समजते.

बांधणीच्या वेळीच का?

पुष्कळ जण इंजिन पूर्ण बांधून गाडीत बसविल्यावर सेन्सरचा विचार करतात. ही मोठी चूक होय. सेन्सरसाठी बहुधा एखादे भोक पाडावे लागते आणि त्यात टॅपने आटे पाडावे लागतात. बंद इंजिनात ड्रिल चालविले, तर धातूचा कीस तेलाच्या वाटेत जातो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधील जागा साधारणतः पाच शतांश मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. तेवढ्या जागेत लोखंडाचा एक कण शिरला, तरी नवे बेअरिंग पहिल्याच तासात ओरखडले जाते.

यास्तव कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम ब्लॉक, हेड, ऑईल चेंबर आणि सायलेन्सरच्या नळ्या सुट्या असतानाच सर्व सेन्सरच्या जागा खडूने आखून घ्याव्यात. नंतर ड्रिल, टॅप आणि वेल्डिंग ही कामे उरकावीत. त्यानंतरच ब्लॉक धुण्यास घ्यावा. तेलाच्या वाटांची बुचे काढून लांब ब्रशने, साबणाच्या गरम पाण्याने वाटा घासाव्यात, हवेच्या दाबाने कोरड्या कराव्यात आणि गंज धरू नये म्हणून लगेच तेलाचा हात फिरवावा. पांढरे फडके वाटेतून ओढले असता ते पांढरेच बाहेर आले पाहिजे. हा नियम पाळण्यास एक दुपार लागते. न पाळल्यास सहा महिन्यांचे काम आणि सारा खर्च वाया जातो.

तेलाचा दाब

एकच सेन्सर बसविणे परवडत असेल, तर तो तेलाच्या दाबाचा असावा. पाणी तापले तर इंजिन काही मिनिटे तरी सूचना देते. तेलाचा दाब गेला तर काही सेकंदांत बेअरिंग धरते.

हा सेन्सर तेलाच्या मुख्य वाटेवर, फिल्टरच्या पुढे, म्हणजे बेअरिंगला तेल जाते त्या बाजूस बसवावा. मूळच्या इंजिनात लाल दिव्याचा स्विच बहुधा तेथेच असतो. तो काढून टाकू नये. तीन तोंडांची जोडणी वापरून दिवा आणि मापक ही दोन्ही ठेवावीत. दिवा फक्त दाब अगदी खाली गेल्यावर पेटतो. मापक दाब हळूहळू उतरतो आहे, हे अगोदर दाखवितो.

आट्यांच्या बाबतीत काटेकोर असावे. जपानी पद्धतीच्या इंजिनांत या ठिकाणी बहुधा ब्रिटिश मापाचे निमुळते आटे असतात, तर बाजारातील पुष्कळ सेन्सरना अमेरिकन मापाचे आटे असतात. एक अष्टमांश इंचाच्या मापात पहिल्या प्रकारात इंचाला २८ आटे आणि दुसऱ्यात २७ आटे असतात. हाताने दोन फेरे दोन्ही सहज बसतात. फसवणूक तेथेच होते. पान्याने जोर लावला की अॅल्युमिनियमचे आटे उडतात किंवा घराला तडा जातो. म्हणून आटे मोजणारी पट्टी लावून खात्री करावी आणि मगच पाना उचलावा.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका वायरीच्या सेन्सरचे अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच होते. आट्यांना पांढऱ्या टेपचे वेढे देऊन तो बसविला, तर मापक चुकीचा आकडा दाखवितो, आणि टेपचा तुकडा तेलात गेला तर बारीक वाट बुजते. दुसरे असे की, जड सेन्सर पितळेच्या लहान जोडणीवर लोंबता ठेवू नये. इंजिनाच्या कंपनाने ती जोडणी तुटते आणि दाबाखालचे तेल गरम सायलेन्सरवर उडून आग लागण्याचा धोका निर्माण होतो. सेन्सर गाडीच्या पत्र्यावर पक्का बसवून मजबूत लवचिक नळीने इंजिनाशी जोडणे श्रेयस्कर.

गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला सुमारे दहा पौंड दाब असावा, असा एक जुना ठोकताळा आहे. तो ठोकताळाच समजावा. त्या त्या इंजिनाच्या पुस्तकातील आकडा प्रमाण मानावा.

उष्णता आणि बेळगावचे पाणी

पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूस, पाण्याच्या वाहत्या धारेत त्याचे टोक बुडेल असा बसवावा. पाण्याची पातळी उतरून टोक उघडे पडले, तर सेन्सर हवेची उष्णता दाखवितो. हवा धातूला पाण्याइतकी लवकर तापवीत नाही. परिणामी इंजिन जळत असताना काटा मात्र खाली येतो. काटा अचानक खाली आला म्हणजे इंजिन थंड झाले, असे समजून गाडी पुढे दामटणारा चालक आपल्या हाताने हेड वाकवितो.

या सेन्सरच्या पोटात बहुधा थर्मिस्टर असतो. उष्णता वाढली की त्याचा विद्युतरोध कमी होतो. एका प्रचलित प्रकारात २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १८६ ओहम रोध असतो. बसविण्यापूर्वी तो तपासणे अगदी सोपे आहे. पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर आणि सेन्सर, आणि बाहेर ओहम मोजणारा मल्टिमीटर, एवढे साहित्य पुरते.

येथे बेळगावच्या भूगोलाचा संबंध येतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांना न उकळता सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांना उकळते. मुंबईच्या पुस्तकात वाचलेला १०० चा आकडा धरून टिळकवाडीत सेन्सर तपासला, तर चांगला सेन्सर सदोष ठरेल. विज्ञानाच्या शिक्षकांना हा एक उत्तम प्रयोग आहे. दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध फळ्यावर शिकविण्याऐवजी इंजिनाच्या सेन्सरने दाखविता येतो.

हीच गोष्ट हवेच्या दाबाच्या सेन्सरची. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवितो. समुद्रकाठी तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो; बेळगावात तो सुमारे ९२ ते ९३ असावयास हवा. येथे १०१ दिसले तरच शंका घ्यावी. निपाणीकडे उतरल्यावर हा आकडा थोडा वाढेल आणि घाट उतरून कोकणात गेल्यावर आणखी वाढेल. हवा दाट झाली की तिच्याबरोबर इंधनही अधिक द्यावे लागते. हा हिशोब इंजिनाचा संगणक सेन्सरच्या आकड्यावरूनच करतो.

क्रँकच्या स्थितीचा सेन्सर

कार्बोरेटर काढून इंधनाचे इंजेक्शन आणि संगणकाने नियंत्रित स्पार्क बसवावयाचा असेल, तर क्रँकशाफ्ट या क्षणी कोणत्या अंशावर आहे हे संगणकाला कळले पाहिजे. त्यासाठी पुढील पुलीवर दातांचे चाक बसवितात. ६० दातांच्या जागांपैकी दोन मोकळ्या किंवा ३६ पैकी एक मोकळी, असे प्रकार रूढ आहेत. मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की संगणक तेथून मोजणी सुरू करतो.

सेन्सरचे टोक आणि दात यांतील अंतर साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा निर्मात्याच्या पत्रकात पाहावा. चाक पुलीशी समकेंद्री नसेल, तर हे अंतर प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होते आणि वरच्या गतीला संकेत तुटतो. पातळ पत्र्याच्या पट्टीवर सेन्सर लावण्याचा मोह टाळावा. पट्टी कंप पावू लागली की इंजिन विनाकारण अडखळते, आणि बांधणारा मात्र इंधनात दोष शोधीत बसतो. उद्यमबागेतील लेथवर जाड पट्टीचा कंस करून घेण्यास फार खर्च येत नाही.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला केव्हा येतो, हे हेड उघडे असतानाच डायल गेजने निश्चित करून पुलीवर कायमची खूण कोरावी. नंतर टायमिंग लाईटने संगणकातील अंश आणि पुलीवरील खूण जुळते की नाही, हे तपासावे. ही जुळणी केल्याशिवाय गाडीला जोर देऊ नये.

सेन्सरची वायर पीळ दिलेली आणि जाळीच्या आवरणाची असावी. जाळी एकाच टोकाला अर्थ करावी आणि वायर स्पार्क प्लगच्या केबलपासून दूर ठेवावी. सर्व सेन्सरचे अर्थिंग संगणकाच्या सेन्सर-अर्थला मिळवावे; गाडीच्या वेगवेगळ्या पत्र्यांवर ते विखरून ठेवू नये. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नाव लावावे. आज जे पाठ आहे, ते वर्षभराने आठवत नाही.

धुरातील प्राणवायू

सायलेन्सरच्या नळीत बसणारा ऑक्सिजन सेन्सर जर्मनीतील बॉश कंपनीने १९७६ साली प्रथम मोटारीसाठी बाजारात आणला. हवा आणि इंधन यांचे प्रमाण योग्य आहे की नाही, हे तो जळून गेलेल्या वायूवरून सांगतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते. जास्तीत जास्त शक्तीसाठी हे प्रमाण साडेबारा ते तेराच्या दरम्यान ठेवतात. जोर लावला असताना इंधन कमी पडले, तर ज्वलनकक्षातील उष्णता आणि ठोक्याचा धोका वाढतो.

अलीकडे एक नवी बाब उद्भवली आहे. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून विक्रीस येऊ लागले. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. त्यामुळे अशा मिश्रणाचे योग्य प्रमाण १४.७ नसून सुमारे १३.५ आहे. जुन्या आकड्यांवर बसविलेल्या इंजिनात हे इंधन घातले, तर तेच जेट इंधन कमी देऊ लागतात. ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याच्या घामातून आलेले इथेनॉल त्याच्याच मुलाच्या इंजिनात जाते, तेव्हा त्याचा हिशोब ठेवणे त्या मुलाचे काम आहे. प्रमाणाचा आकडा न पाहता लँब्डा हे गुणोत्तर पाहिल्यास घोटाळा टळतो. कोणत्याही इंधनासाठी योग्य ज्वलनाचा लँब्डा एकच असतो.

हा सेन्सर बसविण्यासाठी नळीवर आट्यांची कडी वेल्ड करावी लागते. सर्व सिलिंडरच्या नळ्या एकत्र आल्यावर पुढे ती जागा घ्यावी. सेन्सर आडव्यापेक्षा किमान दहा अंश वर उचललेला असावा, म्हणजे नळीत साचलेले पाणी त्याच्या तापलेल्या टोकावर येऊन तो तडकत नाही. त्याच्या अलीकडे नळीला गळती असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंधन कमी असल्याचा खोटा निर्वाळा मिळतो. साध्या सिलिकॉन लुकणामुळे आणि शिशामुळे हा सेन्सर निकामी होतो. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री भारतात फेब्रुवारी २००० मध्ये बंद झाली. लुकणाची काळजी मात्र अद्याप घ्यावी लागते.

ठोका ऐकणारा सेन्सर

इंधन स्पार्कच्या ज्योतीने क्रमाने न जळता एकदम पेट घेते, तेव्हा ठोका बसतो. त्याचा स्वर सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असतो. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उदाहरण घेतल्यास, तिच्या ७९६ घन सेंटिमीटरच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आहे. त्यावरून ठोक्याची वारंवारिता सेकंदाला सुमारे आठ हजार कंपने येते. सेन्सरच्या संचाला हा आकडा दिला, म्हणजे इतर खडखडाटातून नेमका ठोका तो वेगळा काढतो.

हा सेन्सर ब्लॉकवर, सिलिंडरच्या वरच्या भागाजवळ, रंग खरवडून सपाट केलेल्या जागी थेट बसवावा. खाली वॉशर घालू नये. बोल्ट टॉर्क पान्याने आवळावा. सर्वसाधारण प्रकाराला २० न्यूटन-मीटर पुरतात. कमी आवळला तर त्याला ऐकू येत नाही, जास्त आवळला तर आतील स्फटिक बिघडतो.

साक्षीची परीक्षा

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. टिळकवाडीतील एका घरामागे एका तरुणाने आठ महिने खपून इंजिन बांधले आहे. बेअरिंग नवी, पिस्टन नवे, सेन्सर जागच्या जागी. रविवारची सकाळ आहे. मित्र जमले आहेत. शेजारच्या घरातील, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर काकाही येऊन उभे आहेत. पद्धतीप्रमाणे स्पार्क प्लग काढून इंजिन नुसतेच स्टार्टरने फिरविले जाते. दहा सेकंद झाले, पंधरा झाले, काटा शून्यावरच.

“काका, सेन्सरच खराब निघाला बहुतेक. एकदा चालू करून बघूया, दाब येईल.”

“थांब बाळा. सेन्सर खोटा बोलतोय हे तुला कुणी सांगितलं? आधी दुसरा साक्षीदार आण.”

काकांनी सेन्सर काढून त्या जागी साधा नळीचा मापक लावावयास सांगितले. १८४९ साली फ्रान्समध्ये बूर्दाँ याने शोधलेली वाकड्या नळीची ती युक्ती आहे. तिला वीज लागत नाही आणि संगणकही लागत नाही. इंजिन पुन्हा फिरविले. हा काटाही हलला नाही. दोन निरनिराळ्या साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितल्यावर संशयाला जागा उरत नाही. ऑईल चेंबर उतरविला, तेव्हा तेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी रबरी रिंग बसवावयाची राहून गेलेली आढळली. पंप तेलाऐवजी हवा ओढीत होता. त्या दिवशी इंजिन सुरू झाले नाही. मित्र हिरमुसले होऊन परतले. परंतु आठ दिवसांनी ते सुरू झाले, आणि तेव्हा बेअरिंग नवेच होते.

असे प्रसंग कोणत्याही शेडमध्ये घडू शकतात. त्यातील बोध मोलाचा आहे. सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवू नये, आणि आपल्याला नको असलेला आकडा दिसला म्हणून त्याला खोटेही ठरवू नये. प्रत्येक महत्त्वाच्या मापाला दुसरी पडताळणी असावी: दाबाला नळीचा मापक, उष्णतेला उकळते पाणी, क्रँकच्या खुणेला टायमिंग लाईट, हवेच्या दाबाला गावाची उंची. इंजिन प्रथम सुरू झाल्यावर थंड असतानाचे आणि गरम झाल्यावरचे सर्व आकडे तारखेनिशी वहीत लिहून ठेवावेत. पुढे एखादा आकडा बदलला, तर ही वहीच निदान करते.

गावासाठी आणि शाळेसाठी

हा विषय केवळ हौशी तरुणांचा आहे, असे कोणास वाटेल. तसे नाही. विहिरीवरील डिझेल इंजिनाला तेलाच्या दाबाचा एक स्विच आणि पाण्याच्या उष्णतेचा एक सेन्सर बसवून, धोका उत्पन्न होताच इंजिन आपोआप बंद होईल अशी सोय करता येते. ऐन उसाच्या पाण्याच्या वेळी इंजिन जाम झाले, तर नुसते इंजिनाचेच नुकसान होत नाही. उभे पीक वाळते. जो तरुण घरच्या शेडमध्ये हे काम शिकला, तो गावातील दहा विहिरींवरील इंजिने वाचवू शकतो.

गावच्या मेकॅनिकच्या पोटाचाही हा प्रश्न आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि साध्या मोटारसायकलीतही इंधनाचे इंजेक्शन व ऑक्सिजन सेन्सर आले. कार्बोरेटर साफ करण्यावर ज्याचे दुकान चालत असे, त्याच्यापुढे आज वायरींचा जुडगा येतो. सेन्सर न तपासता बदलत गेल्यास गिऱ्हाईकाचा पैसा जातो आणि मेकॅनिकचा विश्वास जातो. मल्टिमीटर, पातेले आणि वही एवढ्या साधनांनी पुष्कळ निदान होऊ शकते, हे तंत्रशाळांतून आणि माध्यमिक शाळांच्या कार्यानुभवातून शिकविले जाणे अगत्याचे आहे. उद्यमबागेतील गोगटे तंत्रमहाविद्यालय १९७९ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण देत आहे. अशा संस्था आणि भोवतालच्या शाळा यांचा संबंध जितका वाढेल तितका हा प्रसार सुकर होईल.

एक इशारा शेवटी देणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. शक्ती वाढविलेले इंजिन सार्वजनिक रस्त्यावर पळविणे हे कायद्याला आणि शेजाऱ्याच्या जीवितालाही धरून नाही. त्याची जागा शर्यतीच्या मार्गावर आहे. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर शर्यतीच्या गाड्या बांधून देशातील कितीतरी तरुणांना ती वाट दाखविली. इंजिन वाढवावयाचे तर ब्रेक, टायर आणि चालकाचे शिक्षणही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे.

इंजिन बांधणाऱ्याच्या हाती पाना असतो, त्याबरोबर वहीही असावी. जे मोजले जाते त्याची काळजी घेता येते. जे मोजले जात नाही त्याचा पत्ता बिघाड झाल्यावरच लागतो. ज्या बेळगावने सायकलीच्या दुकानातून एक उद्योग उभा राहताना पाहिला, त्या बेळगावच्या शेडमधून मापनाची शिस्त अंगी बाणलेले कुशल कारागीर निर्माण व्हावेत, आणि त्यांच्या ज्ञानाचा लाभ शेतावरील इंजिनापर्यंत पोहोचावा. त्यासाठी पालकांनी मुलांच्या या छंदाकडे केवळ उपद्व्याप म्हणून न पाहता त्यांना मार्गदर्शन मिळवून द्यावे, आणि मुलांनी काटा शून्यावर असताना किल्ली फिरविण्याची घाई करू नये.